नववीतला डॉक्टर

रविवार, ५ जानेवारी १९९७

समोरच्या मीनाने आज बळेच तिच्या घरी टीव्ही पाहायला नेलं. 'आमचे डॉक्टर, वय सोळा' नावाची नवी मालिका. मुलगा सोळा वर्षांचा आणि डॉक्टर झालेला, का तर तो फार हुशार आहे. सतरा पूर्ण झाल्याशिवाय मेडिकलच्या दारात कुणी उभं करत नाही, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हे चिरंजीव सकाळी आईचा मार खातात, दुपारी माणसाचं पोट उघडतात आणि संध्याकाळी सोसायटीत क्रिकेट खेळतात. पोट उघडताना मनगटावर घड्याळ तसंच. मीना, तिचा नवरा विलास आणि त्यांची मुलगी सई हसून हसून लोळत होती. मी हसले नाही.

त्याने स्टेथोस्कोप उलटा घातला होता. कानातली टोकं पुढे झुकलेली हवीत, याची मागे. पेशंटच्या खाटेवर बूट घालून बसला. मालिकेत एक नर्स आहे. तिला काम एकच, डॉक्टरकडे कौतुकाने पाहणं. मी चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, त्यातली अकरा सिस्टर-इन-चार्ज म्हणून. डॉक्टरकडे कौतुकाने पाहायला मला एकदाही सवड झाली नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर बर्नाडेट रोज इंग्रजीतून डायरी लिहायला लावत आणि शनिवारी तपासत. निवृत्त होऊन नेरुळला आल्यापासून मी मराठीत लिहिते. इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो.

मीनाकडे चार पेले पाणी प्याले. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की घसा कोरडा पडतो.

मंगळवार, ७ जानेवारी

मालिकेच्या निर्मात्याला पत्र टाकलं. एका भागात एकोणीस चुका, क्रमवार. शेवटी लिहिलं, 'आपला डॉक्टर सोळा वर्षांचा आहे हे आम्ही एक वेळ मान्य करू. परंतु तो हात धूत नाही हे मान्य करता येणार नाही.' खाली सही: मिस जयमाला तेंडोलकर, निवृत्त परिचारिका.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी दारात चष्म्याला दोरी लावलेला एक पन्नाशीचा गृहस्थ. हातात माझं पत्र. मला वाटलं भांडायला आला आहे, म्हणून मीही तयारीत होते. तो मालिकेचा दिग्दर्शक नंदकुमार निघाला. त्याने सांगितलं की प्रेक्षकांची पत्रं पुष्कळ येतात, पण त्यांत मुलाच्या लग्नाची चौकशी असते; चुकांना नंबर घालणारं हे पहिलंच. इथेच, आमच्यापासून तीन सेक्टर पलीकडे एका रिकाम्या बंगल्यात त्यांचं चित्रीकरण चालतं. मी रोज येऊन बसावं आणि चूक दिसली की तिथल्या तिथे थांबवावं, अशी त्याची विनंती.

मी म्हटलं, मी थांबवायला लागले तर तुमचं काही पुढेच जाणार नाही.

"चालेल, बाई," तो म्हणाला. "नाहीतरी आमचं काय भरभर जातंय."

मी विचार करून कळवते म्हटलं. विचार काय करायचा होता? निवृत्तीला पाच वर्षं झाली. इतक्या काळात मला कुणी एक गोष्ट विचारलेली नाही, फक्त सोसायटीच्या पंपाला कुलूप कुणी लावलं एवढंच विचारतात. तो जिना उतरायच्या आत मी वरून हाक मारली.

बुधवार, २२ जानेवारी

पहिला दिवस. त्यासाठी वाशीहून नव्या चपला आणल्या, जुन्या घालून तपासणीला जाणं शोभत नाही. बंगल्याच्या हॉलचा वॉर्ड केला आहे. सहा खाटा, त्यांवर फुलाफुलांच्या चादरी. चादरी काढायला लावल्या. सलाइनच्या बाटलीत लिंबू सरबत होतं, सगळे मधून मधून पीत होते. तेही बंद केलं.

बालडॉक्टरचं खरं नाव प्रणय. वय पंधरा, नववीत. उरणजवळच्या मोऱ्याचा, कोळ्यांचा मुलगा. आई मासळी विकते. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात नंदकुमारला सापडला. एसटीने येतो, पाय दुमडून कोपऱ्यात भूगोल वाचत बसतो. कॅमेऱ्यापुढे स्वच्छ मराठी बोलतो आणि कॅमेरा थांबला की लगेच "पानी हाय का?" असं विचारतो. मी म्हटलं, पाणी आहे का, असं म्हण. तो म्हणाला, "तसा बोलला तर घरचे हसतील, मॅडम."

मॅडम म्हणू नकोस, सिस्टर म्हण, असं सांगितलं. मॅडम बँकेत असतात.

डाव्या पायाच्या अंगठ्याजवळच्या बोटाला चप्पल चावली. आयोडिन लावलं.

शनिवार, २५ जानेवारी

आज मुलाला तासभर शिकवलं. नाडी अंगठ्याने पाहायची नाही. सुई टोचण्याआधी पेशंटशी बोलायचं, टोचताना नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही. आमच्याकडचे मोठमोठे सर्जन दारात उभे राहून, एक पाय बाहेर ठेवून सांगत आणि निघून जात. मग उरलेलं मला सांगावं लागे. म्हणून त्याला बजावलं: आधी स्टूल ओढायचं. पेशंटच्या डोळ्यांना डोळे येतील इतकं खाली बसायचं. खाटेवर नाही, स्टुलावर. मगच तोंड उघडायचं.

त्याने विचारलं, "आनि पेशंट ऐकून घेत नसला तर?"

मी म्हटलं, तर बसून राहायचं. ऐकेपर्यंत.

त्याने हे भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. एखाद्या प्रोबेशनर, शिकाऊ मुलीने वीस वर्षांत माझं असं लिहून घेतल्याचं आठवत नाही.

मीना म्हणाली, मावशी, तुम्ही बारीक झालात, काम मानवलं. मी कुणाची मावशी नाही. पण ब्लाउज सैल होतात हे खरं आहे. रात्रीचा भात सोडला त्याचा गुण असावा.

गुरुवार, ३० जानेवारी

मला सेटवर 'हेडमास्तरीण' म्हणतात असं कळलं. हरकत नाही. आज नर्सच्या टोपीला पिना लावून सरळ केली, घड्याळ काढायला लावलं आणि ऑपरेशनच्या दृश्यात डॉक्टरने घाम पुसण्यासाठी नर्सकडे कपाळ वळवायचं की नाही यावर नंदकुमारशी चाळीस मिनिटं वाद घातला. शेवटी कपाळ वळलं नाही. घाम येऊच नये असा पंखा लावला.

चहा भयंकर गोड देतात. आधी कुरकुर केली, आता सवय झाली. मी दोन कप घेते. अशक्तपणा वाटतो तेवढ्यापुरता जातो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

एक गंमत झाली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रणय माझ्या पायाकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, काय आहे? तो खाली बसला आणि माझ्या डाव्या चपलेच्या तळातून एक टाचणी ओढून काढली. संवादांचे कागद फळ्याला लावायची, लाल डोक्याची. चपलेतून आरपार जाऊन पायात शिरली होती. टोकाला रक्त वाळलेलं. म्हणजे सकाळपासून असावी.

मला पत्ताच नव्हता. कामात मन असलं की असं होतं. आम्ही बारा बारा तास उभ्या असायचो, कुठे काय लागलं ते घरी जाऊन कळायचं.

"सिस्टर, दुखला नाय तुमाला?" त्याने विचारलं.

"नाही दुखलं. म्हणजे काही झालेलं नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा गंभीर झाला. मुलगा जात्याच जरा गंभीर आहे. टाचणी त्याने फेकली नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवली. धनुर्वाताचं इंजेक्शन मी घरी येताना घेतलं. बेफिकीर मी कधीच नव्हते.

बोटाची जखम अजून ओली आहे. दुखत मात्र मुळीच नाही, तेव्हा भरत आली असणार. चप्पल बदलायला हवी.

रविवार, ९ फेब्रुवारी

माझ्या देखरेखीखालचा पहिला भाग लागला. चुका चार. (एकोणीसवरून चार.) मीनाच्या घरात सगळी सोसायटी जमली होती. प्रणयने स्टेथोस्कोप बरोबर घातला तेव्हा मी टाळी वाजवली. मग लक्षात आलं की इतर कुणी वाजवली नाही.

मला टीव्हीवरची नावं वाचता आली नाहीत. सईने वाचून दाखवलं, 'वैद्यकीय मार्गदर्शन: जयमाला तेंडोलकर'. चष्म्याचा नंबर वाढला असावा. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. हल्ली काचा चांगल्या मिळत नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गुरुवारी मोठं दृश्य आहे. बायजाबाई नावाची एक श्रीमंत सासू दर सणाला सुनेने पुरणपोळी मागे ठेवली की मूर्च्छा येऊन पडते. बालडॉक्टर तिची लघवी तपासतो, साखर निघत नाही, आणि तो सांगतो की बाई ठणठणीत आहेत, फक्त घरात कुणाचं लक्ष नाही. विनोदी प्रसंग आहे. मला बरा वाटला.

पण सेटवरच्या माणसाने टेस्ट ट्यूबमध्ये कपड्यांची नीळ कालवून ठेवली होती. मी ती मोरीत ओतली. हल्ली लघवी तपासायच्या पट्ट्या आल्या आहेत हे मला माहीत आहे, परंतु गावच्या दवाखान्यातलं दृश्य आहे, तेव्हा जुनी पद्धतच हवी: बेनेडिक्टचं द्रावण, स्पिरिटचा दिवा, पाच मिली द्रावणात आठ थेंब लघवी, दोन मिनिटं उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी. विटेसारखं लाल झालं तर देवाचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, सगळं खरं आणते. कॅमेऱ्यापुढे खरोखर उकळेल.

प्रणयला सगळं शिकवलं. ट्यूबचं तोंड पेशंटकडे धरायचं नाही. हलवत राहायचं, नाहीतर उसळतं. त्याने विचारलं, रंग चुकीचा आला असं वाटलं तर काय करायचं? मला हा प्रश्न आवडला. सांगितलं, शंका आली तर द्रावणावर खापर फोडायचं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा दुसरा नमुना त्याच बाटलीतल्या द्रावणात लावायचा. तो बरोबर आला तर द्रावण बरोबर आहे. मग आलेला रंग मान्य करायचा.

हेही भूगोलाच्या वहीत गेलं.

नमुना कुणाचा आणायचा हा प्रश्न होता. बायजाबाईचं काम करणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या खरोखर मूर्च्छा येऊन पडतील. नंदकुमारला सांगितलं, एका निरोगी बाईचा आणते, त्याची काळजी तुम्ही करू नका. आणखी चौकशी त्याने केली नाही. तेवढी सभ्यता त्याच्याकडे आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी बाटली धुऊन, उकळून, ब्राउन पेपरात गुंडाळून नेली. निळं राहणारा नमुना हवा होता आणि चौतीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा न घेतलेली बाई मला एकच माहीत आहे. दृश्य सुरू झालं. प्रणयने द्रावण मोजलं, आठ थेंब घातले, दिवा पेटवला. सुरेख हात होता त्याचा. ट्यूबचं तोंड भिंतीकडे. बायजाबाई खाटेवर कण्हत होत्या. नंदकुमारने कॅमेरा ट्यूबपर्यंत आणला.

निळं हिरवं झालं. मग पिवळं. प्रणय ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडून थांबला होता. मग नारिंगी, आणि दोन मिनिटं भरायच्या आत विटेसारखं लाल, गाळ खाली बसलेला.

मी ओरडले, थांबवा. ट्यूब घाणेरडी असणार. दुसरी ट्यूब स्वतः धुतली, स्वतः लावली. लाल. मी सांगितलं, द्रावण खराब आहे, केमिस्टने जुनं दिलं. नंदकुमार मात्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याला ते निळं आधीपासून पडद्यावर फिकं वाटत होतं. लाल झालेलं पाहून तो म्हणाला, "बाई, हे फार मोठं आहे. सासूला खरंच आजार आहे आणि कुणाचा विश्वास बसत नाही. लोक रडतील." दृश्य तिथेच बदललं. उरलेलं पुढच्या आठवड्यात घेणार.

प्रणय माझ्याकडे बघत होता. मग माझ्या पाण्याच्या बाटलीकडे. मग पायाकडे.

"सिस्टर, तो नमुना कोनाचा होता?"

"निरोगी बाईचा," मी म्हटलं. "आणि कोणाचा म्हण."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सेटवर गेले नाही. द्रावण खराब होतं यात मला शंका नाही. उन्हात ठेवतात हे लोक.

बोटाचा रंग बदलला आहे. आयोडिनचा डाग असावा.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी दहाला बेल. प्रणय. हातात पिशवी. पिशवीत त्याच्या आईने दिलेले सुके बोंबील, आणि त्यांच्याखाली फडक्यात बेनेडिक्टची बाटली, दोन ट्यूब, दिवा. सेटवरून नंदकुमारला विचारून आणलं होतं. मी दारातच विचारलं, हा काय प्रकार आहे. तो म्हणाला, "शंका आली तर दुसरा नमुना लावायचा, तुमीच सांगितलाव."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे चालणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मग त्याने गॅलरीत कपडे धुवायच्या दगडावर सगळं मांडलं. खिशातून बामची छोटी बाटली काढली. म्हणाला, हा माझा. सकाळचा. तो घेण्याआधी मुद्दाम तीन पेढे खाल्ले होते.

मी उभी राहून पाहिलं. त्याच बाटलीतलं द्रावण, पाच मिली, आठ थेंब. तोंड भिंतीकडे. दोन मिनिटं मी घड्याळ लावलं होतं. निळं होतं, निळंच राहिलं. आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या खाडीपेक्षा निळं.

मी त्याला म्हटलं, झालं तुझं समाधान? आवर हे आणि घरी जा. परीक्षा आहे तुझी.

तो गेला नाही. आत गेला, मी बसते ते बुटकं स्टूल स्वयंपाकघरातून आणलं, माझ्या खुर्चीपुढे ठेवलं आणि त्यावर बसला.

मला तेव्हाच सगळं कळलं. अजून तो एक शब्द बोलला नव्हता.

"बसा, सिस्टर," तो म्हणाला.

मी बसले.

मग त्याने सांगितलं ते त्याच्याच भाषेत, सावकाश. त्याची आजी, शांती, मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी निवडायची. एकदा तिच्या टाचेत गळ घुसला, मासे पकडायचा. दोन दिवस तशीच चालत होती. "तिला कललाच नाय. घरात समदे हसले, आजीची कातडी व्हडीसारखी हाय म्हनून. मी पन हसलो." दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तीही म्हणायची. मग जखम काळी पडली. पाय गुडघ्यापासून काढला. त्यानंतर ती चार महिने होती. डॉक्टरने शेवटी सांगितलं की लघवी तपासली असती तर वर्षापूर्वीच कळलं असतं.

हे सांगून झाल्यावर त्याने खिशातून कागदात गुंडाळलेली टाचणी काढून दगडावर ठेवली. लाल डोक्याची.

मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नववीतल्या पोराने मला शिकवू नये, टीव्हीवर कोट घातला म्हणून कुणी डॉक्टर होत नाही, असं बरंच. मधेच मीना दार उघडून डोकावली आणि तशीच परत गेली. तो बसून होता. मी थकले, गप्प झाले, तरी बसून होता. हेही मीच शिकवलं होतं.

शेवटी मी उठले, बामची बाटली धुतली आणि एखाद्या नवख्या पेशंटसारखी तोंड चुकवून बाथरूममध्ये गेले. दुसरी ट्यूब मी स्वतः लावली. मला लाल दिसायला दोन मिनिटं लागली नाहीत.

चौतीस वर्षं मी इतर बायकांच्या पायांवरची कापडं सोडवून पाहिली आणि त्यांना झापलं: इतके दिवस काय झोपा काढत होतात? आज पहिल्यांदा मी स्वतःच्या पायावरचं कापड उजेडात काढलं. मुलाने पाहिलं आणि काही बोलला नाही. बोलला असता तर मी रडले असते, आणि ते त्याच्यासमोर बरं दिसलं नसतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मीनाने रिक्षा आणली, वाशीच्या एका रुग्णालयात नेलं. माझ्या जुन्या रुग्णालयात जायला मी नकार दिला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली तिथे सिस्टर झाल्या आहेत. त्यांनी मला झापलेलं मला सहन झालं नसतं.

कारकुनाने व्यवसाय विचारला. मी सांगितलं, परिचारिका. त्याने 'गृहिणी' लिहिलं. खोडायला लावलं.

रक्तातली साखर चारशेच्या वर. डॉक्टर तरुण आहे, मान वर न करता बोलतो. एक बोट जाईल, हे त्याने माझ्या पायाला सांगितलं. पाय वाचेल का, ते आठवडाभर पाहू, म्हणाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बोट काढलं. विशेष काही नाही.

मीना रोज डबा आणते. मी तिला काहीबाही बोलत असते आणि ती डबा आणते. आज तिला विचारलं, माझ्याबद्दल सोसायटीत काय बोलतात. ती म्हणाली, मावशी, तुम्ही नसलात की पंपाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला कळत नाही. यावेळी मी तिला टोकलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पाय अजून ठरत नाही. रोज सकाळी ड्रेसिंग सोडतात. मी छताकडे बघते. छताला तीन भेगा आहेत, त्या पाठ झाल्या. मला दुखत नाही, आणि आता त्याचीच भीती वाटते. रोज विचार करते: दुखू दे, थोडं तरी.

शेजारच्या खाटेवर पुतळा नावाची तुर्भ्याची बाई आहे, दगडखाणीत काम करणारी. पाय भाजला आहे. तिला दुखतं आणि ती मोठ्याने ओरडते. मला तिचा हेवा वाटतो. हे फक्त इथे लिहिते आहे.

रविवार, २ मार्च

आज बायजाबाईचा भाग. वॉर्डात टीव्ही आहे, सिस्टरने तो लावू दिला. (चांगली मुलगी आहे, पण बेडपॅन झाकून नेत नाही. सांगितलं.) बारा बायका आणि त्यांचे नातेवाईक, सगळे टीव्हीकडे. ट्यूब उकळली, लाल झाली. तो लाल रंग कुणाचा हे त्या वॉर्डात मला एकटीलाच माहीत होतं. एरवी लाजेने मेले असते.

मग नव्याने घेतलेला भाग आला. सासू दरडावते आहे, मला काही झालेलं नाही, चालता हो. प्रणय चालता झाला नाही. त्याने वळून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. संवाद नव्हता, फक्त स्टुलाचा फरशीवर आवाज.

पुतळा हळूच म्हणाली, "बाईचं काही खरं नाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"पोरगा बसला ना."

तो किती वेळ बसून राहिला कुणास ठाऊक, टीव्हीवर इतका वेळ कुणी गप्प बसत नाही. नंदकुमारने ते कापलं नाही, याबद्दल त्याच्या चार चुका माफ.

या भागात चुका: एक. बायजाबाईने झोपताना नथ काढायला हवी होती.

सोमवार, ३ मार्च

सकाळी राउंड. ड्रेसिंग सोडलं. आज मी छताकडे बघितलं नाही. स्वतः पाहिलं, जसं कुणा दुसरीचा पाय पाहिला असता तसं. कडा लाल होत्या. कुठल्या लाल, भरत्या जखमेच्या की चिघळत्या, ते मला कळत होतं, पण स्वतःच्या बाबतीत आता माझा माझ्यावर भरवसा नाही.

डॉक्टर दारापर्यंत जाऊन थांबला, एक पाय बाहेर, आणि वळून काहीतरी सांगायला लागला.

मी म्हटलं, "थांबा. स्टूल ओढा, बसा, आणि मग सांगा."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने छताकडे. सगळा वॉर्ड काल रात्रीचा भाग पाहून बसला होता. पुतळाने कण्हणंसुद्धा थांबवलं. मी चादर मुठीत धरली, कारण स्टूल ओढून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कशा असतात ते मला माहीत आहे.

डॉक्टरने स्टूल ओढलं. बसला. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला त्याचे डोळे दिसले. घारे आहेत.

"पाय राहील," तो म्हणाला.

चांगली बातमी सांगायलाही बसलं तर काही बिघडत नाही. ही सुधारणा प्रणयला कळवायला हवी. परीक्षा झाल्यावर.